पहिलं महायुद्ध वर्गात शिकवताना: कारणांची यादी बाजूला ठेवा, निर्णय दाखवा

सर, तुमचा प्रश्न वाचला. बारावी आर्ट्सला पहिलं महायुद्ध शिकवायला तुमच्या हातात चार-पाच तासिका आहेत, मुलांनी साम्राज्यवाद, राष्ट्रवाद, लष्करवाद, गुप्त करार आणि तात्कालिक कारण म्हणजे राजपुत्राचा खून हे सगळं पाठ केलंय, पेपरात व्यवस्थित लिहितात, पण "मग युद्ध नक्की का झालं?" असं विचारलं की वर्ग गप्प बसतो. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं की युरोपातल्या भांडणाशी आपला काय संबंध, आणि त्याला काय सांगायचं ते तुम्हाला सुचलं नाही. शिवाय व्हिडिओ दाखवावेत का, हेही विचारलंय. मी सातारा जिल्ह्यात बरीच वर्षं हायस्कूल आणि ज्युनियर कॉलेजला इतिहास शिकवते, त्यामुळे सविस्तर लिहिते, जरा लांबेल.

मला वाटतं तुमची खरी अडचण वेळेची नाही आणि मुलं लक्ष देत नाहीत अशीही नाही. आपण मुलांना जी यादी देतो तिच्यात माणूसच नसतो ही अडचण आहे. साम्राज्यवाद वाढला, शस्त्रस्पर्धा वाढली, करार झाले, ठिणगी पडली, भडका उडाला. ह्यात कोणी काही ठरवलं असं कुठे दिसतच नाही, सगळं आपलं आपण होत गेलं असं वाटतं, आणि जे आपलं आपण झालं त्याच्यावर मुलं प्रश्न तरी काय विचारणार, पाठच करणार ना. म्हणून मी हा धडा तीन प्रश्नांभोवती फिरवते: कोणी ठरवलं, ठरवताना त्याला काय माहीत होतं, आणि किंमत कोणी मोजली. तुमच्या मागच्या बाकावरच्या मुलाचं उत्तर तिसऱ्या प्रश्नात आहे.

आता हे तुमच्याकडे कितपत जमेल ते परिस्थितीवर आहे. वर्गात ऐंशी मुलं असतील तर गट पाडणं अवघड जातं, तिथे मी चार-पाच जणांना पुढे बोलावून करते आणि बाकीच्यांना मत द्यायला लावते. नववी-दहावीच्या मुलांना मी निम्म्याच तारखा देते. पोर्शन मागे पडलेला असेल आणि दोनच तासिका असतील तर एक जुलै १९१४ ला द्या आणि एक मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, पश्चिम आघाडीच्या लढायांची नावं नोट्समध्ये देऊन टाका. सोमची लढाई, व्हर्दूनची लढाई ही नावं मुलं घरी पाठ करू शकतात, त्यासाठी वर्गातला वेळ घालवू नका.

२८ जून १९१४ ला साराजेव्होत ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी यांचा खून झाला आणि ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरलं. मध्ये सदतीस दिवस. पुस्तकात हे सदतीस दिवस दोन-तीन वाक्यांत संपतात, मी मात्र दोन तासिका त्यांच्यावरच घालवते. फळ्यावर एक आडवी रेघ मारायची, तिच्यावर तारखा टाकायच्या. वर्गाचे गट करायचे: व्हिएन्ना (ऑस्ट्रिया-हंगेरी), बर्लिन (जर्मनी), सेंट पीटर्सबर्ग (रशिया), पॅरिस, लंडन, आणि बेलग्रेडला (सर्बिया) दोन-तीन मुलं. प्रत्येक तारखेला त्या त्या गटाला एक चिठ्ठी, चिठ्ठीत त्या राजधानीला त्या दिवशी जेवढं माहीत होतं तेवढंच, पुढचं काही नाही. पुढची चिठ्ठी मिळायच्या आत गटाने "आम्ही हे करू" असं एका ओळीत लिहून द्यायचं. मग खरं काय झालं ते मी सांगते. चिठ्ठ्या बनवायला एक संध्याकाळ जाते, पण एकदा बनवल्या की दरवर्षी त्याच चालतात.

पहिला धक्का मुलांना बसतो तो म्हणजे खुनानंतर जवळजवळ महिनाभर बाहेरून बघणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही. पडद्याआड मात्र खूप काही चाललेलं असतं, खुनामागे सर्बियाचा हात आहे असं ऑस्ट्रियाचं म्हणणं होतं. ५ आणि ६ जुलैला बर्लिनने व्हिएन्नाला सांगून टाकलं की तुम्ही सर्बियाचं काय करायचं ते करा, आम्ही पाठीशी आहोत. त्यालाच पुढे कोरा चेक म्हणायला लागले. हंगेरीचे पंतप्रधान टिसा यांचा आधी विरोध होता, त्यांचं मन वळवण्यात आठवडा गेला. ऑस्ट्रियाचे बरेच सैनिक सुगीच्या रजेवर गावी गेलेले, ते परत यायचे होते. आणि फ्रान्सचे अध्यक्ष पोआंकारे रशियाच्या भेटीवर होते, ते परतीच्या जहाजात बसेपर्यंत व्हिएन्ना थांबलं, म्हणजे रशिया-फ्रान्सला समोरासमोर बसून ठरवता येऊ नये. मग २३ जुलैच्या संध्याकाळी सर्बियाला अल्टिमेटम दिला, मुदत अठ्ठेचाळीस तास. सुगीच्या रजेचा तपशील आमच्याकडच्या मुलांना लगेच पटतो, सोयाबीन काढायला आल्यावर वर्ग अर्धा रिकामा असतो हे ती स्वतः बघतात. पण मला त्यातून दाखवायचं असतं ते वेगळंच. ज्याला रागाच्या भरात मारायचंय तो सुगी संपायची वाट बघत नाही. इथे कोणीतरी शांत डोक्याने हिशोब करत होतं.

सर्बियाने २५ जुलैला उत्तर दिलं, बहुतेक मागण्या मान्य, मुख्य नकार एकाच गोष्टीला, की ऑस्ट्रियाचे अधिकारी आमच्या भूमीवर येऊन तपासात भाग घेणार नाहीत. ह्या ठिकाणी मी थांबते. बेलग्रेडच्या मुलांना विचारते, तुम्ही काय केलं असतं? मग बर्लिनच्या गटाला चिठ्ठी देते: २८ जुलैची सकाळ, जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म सहलीवरून परत आलाय आणि सर्बियाचं उत्तर आत्ता पहिल्यांदा नीट वाचतोय. मुलं बहुतेक वेळा लिहितात, "आता युद्धाची गरज नाही." आणि कैसरनेही कागदाच्या समासात तेच लिहिलं होतं, की आता युद्धाचं कारणच उरलं नाही, आणि आपल्या परराष्ट्र खात्याला कळवलं की फार तर ऑस्ट्रियाने बेलग्रेड ताब्यात घेऊन तिथेच थांबावं. मग मी व्हिएन्नाच्या गटाला त्याच तारखेची चिठ्ठी वाचायला सांगते: २८ जुलैलाच ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं. वर्गात त्यावेळी जी कुजबुज होते ना, ती मला हवी असते. "म्हणजे थांबू शकलं असतं?" हा प्रश्न एकदा मुलांच्या तोंडून आला की पुढचं शिकवणं सोपं होतं.

पुढचे चार दिवस रशियाच्या झारचे आणि रेल्वेचे. २९ जुलैला झार निकोलसने सैन्याच्या संपूर्ण जमवाजमवीचा, म्हणजे मोबिलायझेशनचा हुकूम दिला, रात्री कैसरची तार आली म्हणून मागे घेतला, ३० तारखेला मंत्र्यांनी आणि सेनापतींनी मागे लागून पुन्हा द्यायला लावला. मोबिलायझेशन म्हणजे काय हे इथे नीट समजावून सांगा, नाहीतर सगळं फुकट जातं. लाखो माणसं गावागावातून बोलवायची, रेल्वेत भरायची, सरहद्दीवर पोचवायची, वेळापत्रकं आधीच ठरलेली. रशिया एवढा मोठा की त्याला वेळ लागणार, आणि जर्मनीची सगळी योजना ह्या वेळावरच उभी होती, की आधी साधारण सहा आठवड्यांत फ्रान्सला हरवायचं आणि मग वळून रशियाकडे बघायचं. त्यामुळे रशियाने सैन्य बोलावलं त्या क्षणी बर्लिनमध्ये घड्याळ सुरू झालं. १ ऑगस्टला लंडनहून अशी तार आली की फ्रान्सवर हल्ला केला नाही तर ब्रिटन कदाचित बाहेर राहील, तेव्हा कैसर म्हणाला मग सगळं सैन्य पूर्वेकडे वळवू, तर सेनापती मोल्टके म्हणाला आता ते शक्य नाही. तो तारेचा गैरसमज होता हे त्याच रात्री कळलंही, पण देशाचा सम्राट सांगतोय आणि सेनापती म्हणतोय योजना बदलता येत नाही, हा प्रसंग मुलांना लष्करवाद ह्या शब्दाचा अर्थ जेवढा सांगून जातो तेवढा आपली व्याख्या सांगत नाही.

लंडनच्या गटात एक नाव आवर्जून आणा, जॉन मोर्ले. हिंदुस्थानातल्या १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांमधले मोर्ले, मुलांना नाव माहीत असतं. १९१४ च्या ऑगस्टमध्ये ते ब्रिटिश मंत्रिमंडळात होते आणि युद्धात उतरायला विरोध म्हणून त्यांनी राजीनामा दिला. जॉन बर्न्स यांनीही दिला. म्हणजे लंडनमध्येही एकमत नव्हतं. बेल्जियमच्या तटस्थतेचा करार १८३९ चा, जर्मन फौजा ४ ऑगस्टला बेल्जियममध्ये घुसल्या आणि मग मंत्रिमंडळातली बहुतेक बाकीची मंडळी एका बाजूला आली.

एवढं झालं की मग पाठ केलेली कारणं परत फळ्यावर लिहा आणि एकेक तपासायला लावा. करारांमुळे युद्ध झालं असं मुलं म्हणतील, तेव्हा इटलीचं विचारा. इटली तर जर्मनी-ऑस्ट्रियाच्या त्रिराष्ट्र करारात होती, तरी १९१४ ला बाहेर बसली आणि मे १९१५ ला उलट बाजूने युद्धात आली. म्हणजे करार होता म्हणून जावंच लागलं असं काही नाही. शस्त्रस्पर्धेमुळे झालं म्हणतील तर १९११ चा मोरोक्कोचा तंटा काढा, १९१२-१३ ची बाल्कन युद्धं काढा, शस्त्रं तेव्हाही होती, करारही होते, महायुद्ध झालं नाही. माझा आग्रह एवढाच असतो की मुलांनी "ह्या गोष्टीमुळे युद्ध शक्य झालं" आणि "ह्या माणसांनी युद्ध निवडलं" ह्यातला फरक करावा. कारणांची यादी खोटी नाही, ती अर्धी आहे.

मग दोष कोणाचा? हा प्रश्न मुलं विचारणारच आणि विचारू द्या. व्हर्सायच्या तहातल्या २३१ व्या कलमाने जबाबदारी जर्मनी आणि तिच्या मित्रांवर टाकली. १९६० च्या दशकात फ्रिट्झ फिशर ह्या जर्मन इतिहासकारानेच कागदपत्रं काढून जर्मनीच्या सत्ताधाऱ्यांवर बोट ठेवलं आणि जर्मनीत मोठं वादळ उठलं, नंतरच्या काहींनी व्हिएन्ना, बेलग्रेड, सेंट पीटर्सबर्ग सगळ्यांकडे बोट दाखवलं. माझं मत वर्गाने विचारलं तर मी सांगते, की व्हिएन्ना आणि बर्लिनने जाणूनबुजून सगळ्यात मोठी जोखीम घेतली. पण मार्क मी मताला देत नाही, मताच्या खाली कोणती तारीख आणि कोणता निर्णय ठेवलाय त्याला देते.

एक गोष्ट करू नका असं कळकळीने सांगते. बाकं आडवी पाडून खंदक करायचे, अंधार करायचा, स्पीकरवर तोफांचे आवाज लावायचे आणि मुलांना "अनुभव" द्यायचा, असे प्रकार हल्ली बरेच ठिकाणी होतात, फोटो पण छान येतात. त्यातून मुलांना मजा येते आणि वाटतं की आपल्याला खंदक कळला. चिखलात महिनोन्‌महिने उभं राहणं, शेजारच्याचं प्रेत तिथेच असणं, ह्यातलं काहीही आपण वर्गात आणू शकत नाही आणि आणण्याचं नाटकही करू नये. निर्णय घेणाऱ्याच्या खुर्चीत मुलाला बसवता येतं, कारण तिथे विचार करायचा असतो. मरणाऱ्याच्या जागी बसवू नका, त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत वाचून दाखवा.

आता तुमच्या मागच्या बाकावरच्या मुलाकडे येते, आपला काय संबंध. खरं तर त्याचा प्रश्न बरोबर आहे. हिंदुस्थान युद्धात उतरला तो इथल्या कोणाला विचारून नाही, ब्रिटन उतरलं म्हणून उतरला. दहा लाखांहून जास्त हिंदी माणसं समुद्रापार गेली, सैनिक आणि त्यांच्याबरोबर हमाल, स्वयंपाकी, खेचरवाले, स्ट्रेचर उचलणारे, आणि सत्तर हजारांहून जास्त परत आली नाहीत. पण आकडे सांगून मुलं हलत नाहीत. मी त्यांना कुत-अल-अमारा शिकवते, इराकमधलं, टायग्रिस नदीच्या वळणावरचं गाव, तीन बाजूंनी पाणी.

गोष्ट अशी आहे. नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदी सैन्याची सहावी पूना डिव्हिजन इराणच्या आखाताच्या टोकाला उतरली आणि तुर्कांच्या ताब्यातलं बसरा घेतलं. हेतू मर्यादित होता, इराणमधलं तेल आणि आखातातला रस्ता राखायचा. पण विजय सोपे मिळत गेले आणि नदीने वर वर सरकायचा मोह वाढत गेला. १९१५ च्या सप्टेंबरला कुत घेतलं, आणि मग वरचे सेनापती निक्सन यांनी ठरवलं की बगदादवर जायचं. डिव्हिजनचे प्रमुख टाउनशेंड यांना शंका होत्या, पाठीमागून रसद येण्याचा रस्ता फार लांब झाला होता, बोटी कमी होत्या, तरी ते गेले. लंडनने आणि सिमल्याने, म्हणजे हिंदुस्थान सरकारने, परवानगी दिली, कारण तुर्कस्तानातल्या दार्दनेल्समध्ये मार खाल्ल्यावर कुठेतरी एक मोठा विजय हवा होता. नोव्हेंबरमध्ये टेसिफोनला लढाई झाली, प्रचंड हानी झाली, जखमींना न्यायला पुरेशा बोटी नाहीत, डॉक्टर नाहीत, स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून मोडलेल्या हाडांची माणसं नदीपर्यंत आणली. उरलेली फौज कुतला परत आली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला तुर्की फौजेच्या वेढ्यात सापडली.

त्या वेढ्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. आमच्याकडे वर्गात हे सांगितलं की मुलं सरसावून बसतात. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. अन्न संपत आलं, घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली, ब्रिटिश सैनिक खात होते, हिंदी सैनिकांपैकी बहुतेकांनी धर्मामुळे महिनोन्‌महिने ते मांस खायला नकार दिला, घरी कळलं तर काय होईल ही भीतीही होती. पिठाचं रेशन कमी होत गेलं, स्कर्व्ही पसरली. विमानातून पोती टाकून बघितली, ती पुरणार नव्हती. सोडवायला बाहेरून आलेल्या फौजेचे वीस हजारांच्या वर लोक मेले किंवा जखमी झाले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, साधारण तेरा हजार माणसं कैदेत. पुढे टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या एका बेटावरच्या बंगल्यात राहिले, आणि शिपायांना वाळवंटातून चालवत रेल्वेच्या कामावर नेलं, हजारो वाटेत आणि छावण्यांत गेले.

इथे परत तेच तीन प्रश्न. कोणी ठरवलं? काय माहीत होतं? किंमत कोणी मोजली? मुलं आता स्वतःहून उत्तरं देतात, कारण जुलै १९१४ ला त्यांनी सराव केलेला असतो. आणि मग मी एक धागा दाखवते जो आपल्या पुस्तकांत वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेला आहे. मेसोपोटेमियातल्या ह्या गोंधळाची चौकशी झाली, १९१७ ला अहवाल आला, भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आले ते मॉन्टेग्यू, आणि २० ऑगस्ट १९१७ ची ती प्रसिद्ध घोषणा, की हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देऊ. घोषणेची तयारी आधीपासून चालली होती हे खरं, पण ती मॉन्टेग्यूंच्या नावाने आली त्याच्या मागे कुतची वाट आहे. मोर्ले-मिंटो, महायुद्ध, मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड हे तीन धडे एकाच गोष्टीचे आहेत हे मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा जाणवतं.

ह्याच ठिकाणी बसऱ्याच्या स्मारकाबद्दल बोला. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या चाळीस हजारांहून जास्त लोकांचं ते स्मारक. त्याच्या भिंतींवर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत, आणि साध्या हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीचं नाव लिहून पुढे फक्त "आणि इतके हिंदी सैनिक" असा आकडा. २०२१ ला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने, म्हणजे ह्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेने, स्वतःच अहवाल काढून हा भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली. मी ह्याच्यावर भाषण करत नाही. फळ्यावर पलटणीचं नाव लिहिते, पुढे नुसता आकडा लिहिते आणि मुलांना दोन मिनिटं बघू देते.

माणसं सैन्यात का गेली, हाही प्रश्न येतो, आणि त्याचं एक उत्तर नाही. पगार, पेन्शन, दुष्काळी गाव, घराण्याची रीत, मानसन्मान, सगळं आहे. महार समाजाचं उदाहरण मी मुद्दाम घेते. कंपनीच्या काळापासून सैन्यात असलेल्या महारांची भरती १८९० च्या दशकात लढाऊ जातींच्या सिद्धांताखाली बंद केली होती, त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले, आणि युद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ ला १११ महार ही पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, गरज संपली, १९२१ ला ती मोडली. एवढ्या तीन-चार वर्षांत सरकारचा हिशोब आणि ह्या लोकांची आशा दोन्ही दिसतात. पुढाऱ्यांचं पण असंच. टिळक मंडालेहून जून १९१४ ला सुटले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी युद्धात सरकारला साथ द्यावी असं जाहीर केलं, पण १९१८ ला मुंबईच्या युद्ध परिषदेत त्यांनी स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डननी अडवलं आणि ते सभा सोडून गेले. त्याच उन्हाळ्यात गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायी फिरत होते आणि लोक त्यांना विचारत होते की अहिंसा सांगणारे तुम्ही आम्हाला हत्यार घ्यायला कसं सांगता. मुलांना ह्या दोघांची भूमिका लिहायला लावा, फार चांगली उत्तरं येतात.

जवळचा पुरावा शोधायला लावणं मात्र सोडू नका. आपल्याकडच्या कित्येक गावांत चावडीवर, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते, ह्या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यातले इतके मेले. लोक रोज समोरून जातात, कोणी वाचत नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे, ज्याला मिलिटरी अपशिंगे म्हणतात, त्या एका गावाचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले असं सांगतात. तुमची शाळा मुंबई किंवा कोकणात असेल तर खलाशांचं बघा, मस्जिद बंदरला सेलर्स होममध्ये समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त हिंदी खलाशांचं स्मारक आहे, आणि बोटीवरची नोकरी म्हणजे कोकणातल्या आणि गोव्यातल्या कित्येक घरांची रीत. पाटी सापडली नाही तर वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर मराठा पलटणींची नावं शोधायला लावा, बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका दिलेला असतो, इंग्रजी स्पेलिंग वेडंवाकडं असतं, ते ओळखून आपलं गाव शोधणं हाच एक चांगला अभ्यास होतो. जिथे पाटी नाही आणि नावही सापडत नाही तिथे एक रुपयाची नोट दाखवा, पहिली एक रुपयाची नोट ३० नोव्हेंबर १९१७ ला निघाली ती युद्धामुळे चांदी कमी पडली म्हणून. नाहीतर मानमोडीच्या साथीबद्दल घरी विचारायला सांगा, १९१८ चा तो इन्फ्लुएंझा मुंबईच्या बंदरातून आत आला आणि देशात एक कोटीहून जास्त माणसं घेऊन गेला, म्हाताऱ्या माणसांनी त्यांच्या आज्या-पणज्यांकडून ऐकलेलं असतं.

पुरावा आणला की तो तपासायलाही शिकवा. फ्रान्समधून हिंदी सैनिकांनी घरी लिहिलेली पत्रं सेन्सॉरने भाषांतर करून ठेवली म्हणून आज वाचायला मिळतात. एक शिपाई लिहितो की काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात, तरी अधूनमधून काळी मिरी उपयोगी पडते. सेन्सॉर वाचणार हे त्याला माहीत होतं, काळी मिरी म्हणजे आपले लोक आणि लाल मिरची म्हणजे गोरे. हे एक पत्र वर्गात पूर्ण अर्धा तास पुरतं. कोणासाठी लिहिलं, कोण वाचणार होतं, काय लपवलं, आपल्यापर्यंत कोणी पोचवलं.

आमच्याकडे वर्गात दरवर्षी अशी मुलं असतात ज्यांचे वडील किंवा भाऊ आत्ता सैन्यात आहेत. तिथे फार जपून बोलावं लागतं. कुतचे शिपाई साम्राज्यासाठी वाया गेले असं एका वाक्यात टाकून दिलं तर त्या मुलाला लागतं, आणि नुसती शौर्यगाथा सांगितली तर ती खोटी होते. मी स्पष्ट सांगते की हुकूम कोणी दिला हा एक प्रश्न आणि हुकूम मिळाल्यावर माणूस कसा वागला हा दुसरा, दोन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात. मुलांना हे कळतं, आपल्याला वाटतं त्याहून लवकर कळतं.

व्हिडिओबद्दल थोडक्यात: दाखवा, पण तीन-चार मिनिटांच्या वर नको, आणि आधी आवाज बंद करून दाखवा. त्या काळच्या फिल्म मुक्या होत्या, तोफांचे आवाज नंतर कोणीतरी घातलेले असतात, बरीचशी "लढाईची" दृश्यं सरावाच्या वेळी किंवा खास कॅमेऱ्यासाठी घेतलेली आहेत. काय दिसतंय ते आधी मुलांना लिहू द्या, मग बोला.

म्हणजे पाच तासिका धरल्या तर माझी विभागणी साधारण अशी पडते: दोन जुलै १९१४ च्या, एक पश्चिम आघाडी, अमेरिका, रशियन क्रांती आणि शेवट हे भराभर, एक मेसोपोटेमियाची, आणि शेवटची मुलांनी आणलेल्या पुराव्याची. व्हर्सायचा तह मी इथे न घेता दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला घेते, तिथे तो जास्त उपयोगी पडतो.

परीक्षेची काळजी करू नका. कारणं लिहा असा प्रश्न आला तर मुलं तीच कारणं लिहितात, फक्त प्रत्येकाखाली एक तारीख आणि एक नाव येतं, आणि तपासणाऱ्याला ते दिसतं. प्रकल्पाला गावची पाटी दिलीत तर एवढंच सांभाळा की फोटो काढायच्या आधी ग्रामपंचायतीत किंवा देवस्थानात विचारायला सांगा, पाटी धुवायला ॲसिड वापरू देऊ नका, पाणी आणि मऊ कापड पुरतं, आणि पाटीवर नावं नसून नुसता आकडा असला तर गावातल्या जुन्या माणसांना विचारून नावं लिहून घ्यायला सांगा, खात्री न झालेल्या नावापुढे तसं स्पष्ट लिहायचं. यादी तयार झाली की एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवा, पुढच्या वर्षीचा वर्ग तिथून पुढे काम करेल.